खापरपणजोबांची फाईल पूर्ण उघडा

३१ मे २०२० रोजी नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्क्सबरो गावी आयरीन ट्रिप्लेट ही नव्वद वर्षांची बाई वारली आणि अमेरिकन सरकारच्या खात्यावरचा एक जुना खर्च संपला. महिन्याला ७३ डॉलर १३ सेंट. ही पेन्शन तिच्या वडिलांच्या लष्करी नोकरीची होती, आणि वडील लढले होते ते १८६१-६५ च्या यादवी युद्धात. मोझ ट्रिप्लेटचा जन्म १८४६ चा. म्हातारपणी त्याने दुसरं लग्न केलं. आयरीन झाली तेव्हा तो त्र्याऐंशी वर्षांचा होता. मुलगी मानसिकदृष्ट्या अपंग, म्हणून ती पेन्शन तिला हयातभर मिळत राहिली.

बातमी आली तेव्हा बहुतेकांनी ती नवलाची गोष्ट म्हणून वाचली आणि सोडून दिली. खरा मासला तर मोझ होता. तो आधी फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांच्या फौजेत भरती झाला. १८६३ च्या उन्हाळ्यात पलटण गेटिसबर्गच्या लढाईच्या वाटेवर असताना आजारी पडून इस्पितळात राहिला आणि तिथून पसार झाला. त्याची पलटण, २६ वी नॉर्थ कॅरोलायना, गेटिसबर्गला कापली गेली. पुढच्या वर्षी हा गडी उत्तरेच्या फौजेत दाखल. पेन्शन मिळाली ती या दुसऱ्या नोकरीची, कारण दक्षिणेकडून लढलेल्यांना केंद्र सरकार पेन्शन देत नव्हतं; त्यांचं काय ते त्यांच्या त्यांच्या राज्यांनी पाहिलं. आता समजा, हा तुमचा खापरपणजोबा आहे. दिवाणखान्यात त्याची तसबीर लावताना खाली काय लिहाल?

हा प्रश्न अमेरिकेत पोकळ नाही. पूर्वज शोधणं हा तिथे कोट्यवधींचा छंद आहे आणि मोठा धंदाही. लष्करी कागदपत्रांच्या एका व्यापारी संकेतस्थळाचं नावच ‘फोल्ड थ्री’ आहे, म्हणजे सैनिकाच्या शवपेटीवरच्या झेंड्याची तिसरी घडी. २०२६ हे स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचं अडीचशेवं वर्ष, त्यामुळे ‘आमचे आजोबा त्या युद्धात होते’ हे सांगण्याला आणखी भरती येणार. त्यातून एक सार्वजनिक प्रश्न उभा राहतो: देशाचा लष्करी इतिहास घराघरातल्या पूर्वजांमार्फत शिकावा, शिकवावा का?

माझं उत्तर होकारार्थी आहे, पण अट घालून. पूर्वजाला देव्हाऱ्यात बसवायचं नाही, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करायचं. त्याची उलटतपासणी घ्यायची, त्याच्या विरुद्धचे कागदही वाचायचे, आणि त्याच्या बंदुकीसमोर कोण उभं होतं तेही विचारायचं. एवढं करायची तयारी नसेल तर वंशावळ फ्रेम करून भिंतीवर लावा, तिला इतिहास म्हणू नका.

अमेरिकेचं भाग्य असं की अशा उलटतपासणीचे कागद तिथे आयते आहेत, आणि ते सरकारच्या संशयी स्वभावामुळे आहेत. १८३२ मध्ये काँग्रेसने कायदा केला: स्वातंत्र्ययुद्धात किमान सहा महिने नोकरी केलेल्या प्रत्येकाला काही ना काही पेन्शन. युद्ध संपून पन्नास वर्षं झालेली. बहुतेकांकडे नोकरीचा कागद उरलेला नव्हता. मग सत्तरी-ऐंशीतले म्हातारे आपापल्या काउंटीच्या कोर्टात शपथेवर उभे राहिले. युद्धखात्याने ठरवून दिलेले प्रश्न त्यांना विचारले जात: जन्म कुठे, वयाचा काही दाखला आहे का, बोलावणं आलं तेव्हा कुठे राहत होतास, स्वखुशीने गेलास, सक्तीने गेलास की दुसऱ्या कुणाच्या बदली गेलास, अधिकारी कोण कोण होते, तुझ्या खरेपणाबद्दल शेजारपाजारचं कोण सांगेल. स्वातंत्र्ययुद्धातल्या पेन्शन-अर्जांच्या सुमारे ८० हजार फायली आज राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

मराठी वाचकाला हा प्रकार ओळखीचा वाटावा. १८५२ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात इनाम कमिशन बसलं आणि इनामदारांना आपापला हक्क शाबीत करायची वेळ आली, तेव्हा घराघरातून सनदा बाहेर निघाल्या, कैफियती लिहिल्या गेल्या. सरकारने पुरावा मागितला म्हणून घराण्यांचा इतिहास कागदावर आला. त्यात थोडी अतिशयोक्ती, थोडी लपवाछपवी असणारच. पण समोर शंका घेणारा अधिकारी बसलेला असला की सांगणारा जपून बोलतो. नातवंडांसमोर तो जपून बोलत नाही. बखरीपेक्षा अस्सल कागद बरा, हा इतिहासकार वि. का. राजवाडे यांचा हट्ट इथे आठवतो.

विधवांच्या फायली तर याहून बोलक्या. लग्नाचा दाखला नसेल तर बायका घरच्या बायबलमधलं पानच फाडून वॉशिंग्टनला पाठवत. त्या पानावर लग्नाची तारीख, मुलांचे जन्म, मेलेल्या मुलांची नावं, एकाखाली एक, वेगवेगळ्या शाईत. ती पानं परत गेली नाहीत. कुटुंबाच्या हातून गेलेली वस्तू सरकारी फायलीत जगली, आणि दीडदोनशे वर्षांनी वंशजाला तिथे सापडते.

पण माझ्या लेखी सर्वांत मोलाचा ऐवज यादवी युद्धातल्या कृष्णवर्णीय सैनिकांच्या फायलींचा. उत्तरेच्या फौजेत असे सुमारे १ लाख ८० हजार सैनिक होते आणि त्यांतले बहुतेक गुलामीतून आलेले. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांची वेगळी यादी होती. तिच्यात मालकाचं नाव, खाली वय, लिंग, रंग. माणसाचं नाव नाही. सगळ्या कृष्णवर्णीयांची नावं पहिल्यांदा आली ती १८७० च्या जनगणनेत. त्यामुळे आपला माग काढत गेलेला कृष्णवर्णीय वंशज १८७० पाशी भिंतीवर आपटतो. ती भिंत ज्या थोड्या जागी फुटते त्यांतली एक म्हणजे पेन्शनची फाईल.

कारण असं. गुलामांच्या लग्नाला कायद्याने मान्यता नव्हती. मग नवरा लढाईत मेला तर त्याची बायको विधवा ठरणार कशी? १८६४ मध्ये काँग्रेसने तोड काढली: दोघं एकमेकांना नवरा-बायको मानत होती आणि किमान दोन वर्षं एकत्र राहिली, एवढं सिद्ध झालं तरी पुरे. हे सिद्ध करायला साक्षीदार लागले. पेन्शन खात्याचे तपासनीस गावोगाव हिंडले. बाळंतपण केलेली सुईण, त्याच मळ्यावर राबलेले सोबती, कधी जुना मालक किंवा मालकीण, सगळ्यांचे जबाब घेतले. लग्न कुणाच्या अंगणात लागलं, कुणाला कुठे विकलं, मूल कोणत्या पिकाच्या हंगामात जन्मलं, पलटणीत जाताना आडनाव मालकाचं लावलं की बापाचं. ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं त्यांची जीवनकथा अशी सरकारी कारकुनाच्या हस्ताक्षरात उतरली, खाली सही म्हणून फुली.

यात सरकारचा चांगुलपणा शोधू नये. तपासनीस संशयाने जात आणि गोऱ्या अर्जदारापेक्षा काळ्या अर्जदाराच्या शब्दावर विश्वास कमी ठेवत. १८८२ च्या कायद्याने विधवा कुणाबरोबर राहते असं आढळलं तर तिची पेन्शन तोडता येऊ लागली, म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे तिच्या चालचलणुकीची चौकशी सुरू. आज ती फाईल वाचणाऱ्या पणतीला आपल्या पणजीबद्दल गावाने काय काय सांगितलं तेही वाचावं लागतं. वाचवत नाही. पण त्याच कागदाच्या पाठीवर पणजीच्या आईचं नाव असतं, जे दुसरीकडे कुठेच नाही.

आता याची तुलना वारशाच्या संस्थांशी करून पाहा. ‘डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन’ १८९० ची. स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्या किंवा मदत केलेल्या माणसापासून थेट वंश सिद्ध केला की सभासदत्व. त्यांनी कागदपत्रं जमवण्याचं काम मोठं केलं, ते नाकारायचं कारण नाही. पण १९३९ मध्ये मारियन अँडरसन या कृष्णवर्णीय गायिकेला याच संस्थेने वॉशिंग्टनमधलं आपलं सभागृह नाकारलं आणि राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी संस्थेचा राजीनामा दिला. स्वातंत्र्ययुद्धात कृष्णवर्णीय सैनिकही होते. तरी संस्थेची पहिली ज्ञात कृष्णवर्णीय सभासद १९७७ मध्ये आली. वारसा म्हणजे वतन, अशी समजूत झाली की असं होतं.

दक्षिणेतल्या वारसदार स्त्रियांची संघटना १८९४ ची. तिने गावोगाव पुतळे उभारले, शाळेच्या पुस्तकांवर नजर ठेवली, आणि युद्ध गुलामगिरीसाठी झालंच नाही, राज्यांच्या हक्कांसाठी झालं, हे दोन-तीन पिढ्यांच्या डोक्यात भरवलं. मिसिसिपी राज्याने फुटून निघताना स्वतःच्या जाहीरनाम्यात गुलामगिरीशी आपलं नातं उघड लिहून ठेवलंय. पण बापाची, आजोबाची बाजू राखायची म्हटल्यावर तो कागद कोण वाचतो? ‘आमचे आजोबा वाईट नव्हते’ ही भावना मला समजते. बहुतेक आजोबा वाईट नसतातही. ते कशासाठी लढले हा प्रश्न त्यांच्या स्वभावाचा नाही, एवढंच.

या खेळाचा अलीकडचा अंक विनोदी आहे. नॉर्थ कॅरोलायनातला फोर्ट ब्रॅग हा प्रचंड लष्करी तळ दक्षिणेच्या ब्रॅक्स्टन ब्रॅग या सेनापतीच्या नावाचा. २०२३ मध्ये ते नाव बदलून फोर्ट लिबर्टी केलं. २०२५ मध्ये पुन्हा फोर्ट ब्रॅग, मात्र आता दुसऱ्या महायुद्धातल्या रोलंड ब्रॅग नावाच्या एका साध्या शिपायाच्या सन्मानार्थ. व्हर्जिनियातल्या फोर्ट लीचंही तेच: दक्षिणेचे सेनापती रॉबर्ट ली गेले आणि फिरून आले ते फिट्झ ली, कृष्णवर्णीय घोडदळाचे जवान. दोघेही शूर, सन्मानाला पात्र, वाद नाही. पण त्यांची निवड शौर्यामुळे झाली की आडनाव जुळलं म्हणून, हे शेंबडं पोरही सांगेल.

इथवर वाचून कुणी म्हणेल, म्हणजे घरची गोष्ट खोटी आणि सरकारी कागद खरा, असंच ना? तसं असतं तर काम सोपं होतं. कागदही धडधडीत खोटं बोलतो. त्याचं उदाहरण इटलीतलं आहे, आणि त्याच्या कडेला आपलीही माणसं उभी आहेत.

१९४४ च्या डिसेंबरात उत्तर इटलीतल्या सेर्कियो खोऱ्यात अमेरिकेची ९२ वी डिव्हिजन होती. शिपाई कृष्णवर्णीय, वरचे अधिकारी बहुतेक गोरे. २६ डिसेंबरला जर्मनांनी हल्ला चढवला आणि ही फळी मागे हटली. भगदाड बुजवायला ८ वी इंडियन डिव्हिजन पुढे आली आणि तिने बार्गा गाव परत घेतलं. या डिव्हिजनमध्ये मराठा लाइट इन्फंट्रीची एक पलटण होती. पुढे एप्रिल १९४५ मध्ये सेनियो नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नामदेव जाधव तिच्यातलेच. लष्करी अहवालांत मात्र ९२ वी डिव्हिजन पळाली, काळा शिपाई लढत नाही, असा शेरा पडला आणि पुढची कित्येक वर्षं तो इतिहास म्हणून उतरवला गेला.

त्याच २६ डिसेंबरला बार्गाच्या वरच्या अंगाला सोम्मोकोलोनिया या खेड्यात लेफ्टनंट जॉन फॉक्स एका घराच्या माडीवर तोफखान्याचे निरीक्षक म्हणून थांबले होते. बाकीची तुकडी मागे गेली, ते मागे राहिले. जर्मन जवळ येत गेले तसे ते तोफांचा मारा आपल्याकडे सरकवत राहिले आणि शेवटी थेट स्वतःच्या जागेवर मागवला. गाव परत घेतल्यावर त्यांचं प्रेत सापडलं, आसपास सुमारे शंभर जर्मन सैनिकांची प्रेतं होती, असं मानपत्रात आहे. या माणसाला सरकारने पहिलं पदक दिलं १९८२ मध्ये. दुसऱ्या महायुद्धात एकाही कृष्णवर्णीय सैनिकाला ‘मेडल ऑफ ऑनर’ का मिळालं नाही, याचा अभ्यास लष्कराने शॉ विद्यापीठाकडे सोपवला तो १९९३ मध्ये. आणि १३ जानेवारी १९९७ ला सात जणांना ते सर्वोच्च पदक मिळालं. हयात एकच होता, व्हर्नन बेकर, तोही याच ९२ व्या डिव्हिजनचा. फॉक्स यांचं पदक त्यांच्या विधवा पत्नीने घेतलं, ५२ वर्षांनी.

१९८२ पर्यंत सरकारी सन्मानात ती गोष्ट नव्हती. बायकोकडे होती, सोबत्यांकडे होती. म्हणजे इथे घराने कागदाला खोटं पाडलं. मोझ ट्रिप्लेटच्या बाबतीत कागद घराला अडचणीत आणतो, फॉक्सच्या बाबतीत घर कागदाला. दोन्ही एकमेकांसमोर आणल्याशिवाय काही हाती लागत नाही, आणि म्हणूनच दोन्ही जपून ठेवणं ही सरकारची जबाबदारी आहे, हौशी वंशजांची नव्हे.

ती जबाबदारी सरकारने कशी पार पाडली? १२ जुलै १९७३ च्या मध्यरात्रीनंतर सेंट लुईसमधल्या लष्करी नोंदींच्या इमारतीत सहाव्या मजल्यावर आग लागली. मजल्यांवर पाण्याचे फवारे बसवलेले नव्हते. एक कोटी साठ लाख ते एक कोटी ऐंशी लाख फायली गेल्या. १९१२ ते १९६० दरम्यान सेवेतून सुटलेल्या भूदल सैनिकांपैकी सुमारे ८० टक्के लोकांच्या नोंदी त्यात होत्या. नकला नव्हत्या, मायक्रोफिल्म नव्हती, धड सूचीही नव्हती. भिजलेले गठ्ठे विमानं बनवणाऱ्या कंपनीच्या निर्वात कक्षात नेऊन वाळवले. कडा जळालेल्या फायली आजही हातमोजे घालून एकेक पान सुटं करत वाचल्या जातात.

या आगीचा एक धागा नाशिकपाशी येतो. ३१ ऑक्टोबर १९४३ ला मुंबई बंदरात एक अमेरिकन तुकडी उतरली आणि रेल्वेने देवळालीला गेली. सुमारे तीन हजार स्वयंसेवक, पुढे ‘मेरिल्स मरॉडर्स’ म्हणून गाजलेले. देवळालीहून ते मध्य भारतातल्या देवगढला सरावाला गेले, मग ब्रह्मदेशच्या जंगलात, जपान्यांच्या पिछाडीला. १७ मे १९४४ ला त्यांनी मिच्चिनाचा विमानतळ घेतला, तोवर आमांश, हिवताप आणि टायफसने तुकडी पोखरली होती. त्यांच्यासोबत चौदा जपानी-अमेरिकन दुभाषे होते, आणि त्याच वेळी अमेरिकेतल्या सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना सरकारने काटेरी तारांच्या छावण्यांत डांबलं होतं. आज या तुकडीतल्या कुणाचा नातू सेंट लुईसला अर्ज करतो तेव्हा बहुधा उत्तर येतं, फाईल जळाली. मग शेवटच्या पगाराचं व्हाउचर, कंपनीचा रोजचा हजेरी-अहवाल, इस्पितळाची नोंद असे तुकडे जोडत बसायचं. आजोबांची देवळाली अशी हजेरीच्या एका ओळीत भेटते, भेटली तर.

तरी त्याला अर्ज करता येतो, हेही लहान नाही. सैनिक सेवेतून सुटून ६२ वर्षं झाली की त्याची फाईल कुणालाही मागता येते, नात्याचा पुरावा लागत नाही. मला हा नियम फार महत्त्वाचा वाटतो. आपल्या संरक्षण मंत्रालयाने युद्धांचे इतिहास लिहून घ्यायचं आणि साधारण २५ वर्षांनी कागद खुले करायचं धोरण जाहीर केलं ते २०२१ मध्ये. साताऱ्याच्या किंवा माणगावच्या शिपायाच्या नातवाला आजोबांचा कागद बघायचा तर त्याने कुठे जायचं, हे मी विचारून पाहिलं आहे. उत्तर प्रत्येकजण वेगळं देतो.

पूर्वजांच्या वाटेने जाणाऱ्यांना मी एकच जागा हटकून दाखवीन, वुंडेड नी. २९ डिसेंबर १८९० ला सातव्या घोडदळाने तिथे अडीचशेहून अधिक लाकोटा आदिवासी मारले, बायका-मुलांसकट. त्याबद्दल सुमारे वीस सैनिकांना ‘मेडल ऑफ ऑनर’ मिळालं. १९९० मध्ये काँग्रेसने खेद व्यक्त केला, पदकं तशीच राहिली, आणि २०२५ मध्ये संरक्षण खात्याने ती तशीच राहतील असं पुन्हा सांगितलं. पणजोबांचं पदक पेटीतून काढून मुलांना दाखवणाऱ्या घरात ही तारीखही सांगितली जाते का? सांगत असतील तर ते घर माझ्या मते कुठल्याही संग्रहालयाच्या तोडीचं. नसतील, तर लाकोटांच्या घरात ती सांगितली जातेच.

उरतात ते, ज्यांना तिथे पूर्वजच नाहीत. अमेरिकेतली बहुतेक मराठी कुटुंबं १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतरची. त्यांच्या मुलांनी गेटिसबर्गशी काय नातं सांगायचं? भारतीय म्हणून एक नातं आहे, पण ते सुखाचं नाही. भगतसिंग थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकन फौजेत होते, सन्मानाने सुटले, गणवेशात असतानाच नागरिकत्व मिळालं आणि चार दिवसांत काढून घेतलं. पुन्हा मिळालेलं १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नाकारलं, कारण ते ‘गोरे’ नाहीत. अखेर १९३६ मध्ये मिळालं, माजी सैनिक म्हणून. रक्ताच्या नात्यावर इतिहास वाटायचा तर ही मुलं, आणि उद्याची बरीचशी अमेरिका, रांगेच्या बाहेर राहते.

नेदरलँड्समधल्या मार्ग्राटेन इथे अमेरिकन सैनिकांच्या सुमारे ८३०० कबरी आहेत. १९४५ पासून आसपासच्या डच कुटुंबांनी त्या दत्तक घेतल्या आहेत. एकही कबर सुटलेली नाही, उलट प्रतीक्षायादी असते. फुलं नेण्यावर ते थांबत नाहीत. त्या सैनिकाचं गाव शोधतात, घरच्यांना पत्र लिहितात, फोटो मिळवतात, आणि दत्तकपत्र मुलांकडे सोपवतात. त्या कबरी खणण्याचं काम मुख्यतः कृष्णवर्णीय तुकड्यांनी केलं होतं, आणि तिथे पुरलेल्यांत १७० हून अधिक कृष्णवर्णीय आहेत. २०२५ मध्ये तिथल्या माहिती-केंद्रातून कृष्णवर्णीय सैनिकांविषयीचे फलक काढण्यात आले. वारसा-संस्थांच्या अर्जात या डच मंडळींना वंशाच्या रकान्यात लिहायला काहीच नाही. तरी ते फलक पुन्हा लावा म्हणून आरडाओरडा झाला तो त्यांच्यातूनही.